विकत घेतलेली आज्ञावली आणि विक्रेत्याजवळची किल्ली
(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

ॲडम स्मिथने १७७६ साली करांच्या ज्या चार कसोट्या सांगितल्या त्या आपण सर्वजण परीक्षेपुरत्या तरी पाठ करतो : समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. पैकी पहिल्या दोहोंवर वर्गात पुष्कळ चर्चा होते. सोय आणि काटकसर या दोघींची बोळवण मात्र दोन-दोन ओळींत होते. वस्तुतः काटकसरीच्या कसोटीत स्मिथने केवळ वसुलीचा सरकारी खर्चच धरलेला नाही. करापायी प्रजेला होणारा मनस्तापही त्याने खर्चाच्या हिशेबात घेतला आहे. हा मनस्ताप आजच्या काळात कोठे साठतो, याचा शोध घेऊ लागल्यास आपण एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी येऊन पोचतो. ते ठिकाण म्हणजे कर भरण्याच्या संगणकीय आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरची, किल्ली.

प्राप्तिकराचे विवरणपत्र पूर्वी कागदावर भरून कचेरीत नेऊन देत. आता बहुतेकांना ते संगणकावरूनच द्यावे लागते. त्याचे मार्ग तीन. खात्याच्या संकेतस्थळावर थेट माहिती भरावी, हा पहिला. खात्याने मोफत दिलेली साधने आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीत, त्यांत माहिती भरावी व तयार झालेली फाइल वर चढवावी, हा दुसरा. तिसरा मार्ग कर सल्लागारांचा. ज्यांच्याकडे शे-दोनशे अशिलांची कामे असतात त्यांना एकेकाची माहिती दरवर्षी नव्याने भरणे परवडत नाही. म्हणून ते खाजगी कंपन्यांची आज्ञावली विकत घेतात. तिच्यात मागील वर्षांचे आकडे साठलेले असतात, उत्पन्नाचा तक्ता आपोआप मांडला जातो, ताळेबंद जुळतो. सोय मोठी आहे हे मान्य केले पाहिजे.

परंतु ही आज्ञावली विकत घेतली म्हणजे ती चालू झाली असे नव्हे. ती ‘ॲक्टिव्हेट’ करावी लागते. याची रीत समजून घेण्यासारखी आहे. आज्ञावली संगणकात बसवताच ती त्या संगणकाच्या काही भागांची ओळख वाचते. हार्ड डिस्कचा क्रमांक, जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा क्रमांक इत्यादी. त्यावरून ती एक सांकेतिक खूण तयार करते. ही खूण आणि ग्राहकाला दिलेली किल्ली, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ, इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. तिकडून ‘ठीक आहे’ असे उत्तर आले की कुलूप उघडते. पुढे संगणकाची हार्ड डिस्क बदलली की खूणही बदलते. आज्ञावलीच्या दृष्टीने तो निराळाच संगणक होतो. एका किल्लीवर किती संगणक चालावेत याला मर्यादा असते. ती ओलांडली की कुलूप बंद. संगणकातील छोटी बॅटरी संपून घड्याळ काही वर्षे मागे गेले तरी आज्ञावलीला लबाडीचा संशय येऊ शकतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावात संगणकाचे भाग किती टिकतात हे येथील वाचकांना सांगायला नको.

याआधीची रीत निराळी होती. संगणकाच्या पाठीमागे, छपाईयंत्राच्या जोडणीला, एक बोटभर लांबीचा ठोकळा लावीत. त्याला डोंगल म्हणत. तो असेल तर आज्ञावली चाले, नसेल तर नाही. ठोकळा हरवला तर पंचाईत होई, हे खरे. पण संगणक बिघडला तर तोच ठोकळा काढून दुसऱ्या संगणकाला लावता येई. कोणाला फोन करावा लागत नसे, कोणाची परवानगी घ्यावी लागत नसे. थोडक्यात, किल्ली ग्राहकाच्या खिशात होती. आताच्या रीतीत ती विक्रेत्याच्या खिशात गेली आहे. माझ्या मते सर्व तक्रारीचे मूळ येथे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आणि येथे एक मौजेचा विरोध दिसतो. आंध्र प्रदेशच्या विक्रीकर खात्याने तयार आज्ञावलींवर विक्रीकर आकारला, तेव्हा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने असा वाद घातला की आज्ञावली ही बुद्धीची निर्मिती आहे, हाताला लागणारी वस्तू नव्हे. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा वाद फेटाळला. जी गोष्ट उपयोगी आहे, जी विकता-घेता येते, एकाकडून दुसऱ्याकडे देता येते, साठवून ताब्यात ठेवता येते, ती माल आहे, असा त्या निर्णयाचा आशय. पुढे २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या खटल्यात त्याच न्यायालयाने परदेशी आज्ञावलींसाठी दिलेली रक्कम ही स्वामित्वधन नसून मालाची किंमत आहे असे ठरवले, कारण ती वापरणाऱ्यास लेखाधिकाराचा कोणताही अंश मिळत नाही.

म्हणजे कर घेताना आज्ञावली हा माल. तांदळाच्या पोत्यासारखा, टेबलासारखा. मग विकलेल्या टेबलाच्या खणाची किल्ली सुताराने आपल्याकडे का ठेवावी? याला कंपन्यांचे उत्तर असे की टेबलाची नक्कल एका मिनिटात होत नाही, आज्ञावलीची होते. हे उत्तर निरर्थक नाही. चोरून केलेल्या प्रतींनी लहान कंपन्या बुडू शकतात. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यातील कलम ६३-ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु तोच कायदा कलम ५२ मध्ये प्रामाणिक धारकास नुकसानीपासून बचाव म्हणून जादा प्रत करून ठेवण्याची मुभाही देतो. ती प्रत कपाटात ठेवली आणि गरजेच्या दिवशी तिचे कुलूपच उघडले नाही, तर त्या मुभेचा उपयोग काय?

मी मिरजोळ्यास राहते. आमच्या घरात प्राप्तिकराचा संबंध कधी आला नव्हता, कारण तेवढे उत्पन्नच नव्हते. कॉलेज सुटल्यावर दुपारी मी एका कर सल्लागारांच्या कचेरीत आकडे भरण्याचे काम करते, तेवढ्यावर माझी पुस्तके व बसचा पास भागतो. औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार, टेम्पोवाले, मासळीचे व्यापारी अशी आमची अशिले. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तेथील मुख्य संगणकाची हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, जपून ठेवलेली माहिती तिच्यावर चढवली, आज्ञावली पुन्हा बसवली आणि किल्ली घातली. उत्तर आले की ठरलेल्या संगणकांची मर्यादा संपली आहे. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. मदतीचा फोन लागेना, लागला की वाट पाहण्याचे संगीत ऐकू येई. विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर होती. कुलूप उघडायला तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत विवरणपत्रे अडली नाहीत, कारण सरांनी लगेच खात्याची मोफत साधने उतरवून घेतली आणि आम्ही दोघींनी रात्री उशिरापर्यंत बसून आकडे हाताने भरले. अडले ते निराळेच. एका टेम्पोवाल्या काकांना दुसऱ्या गाडीसाठी कर्ज हवे होते. बँकेने मागच्या तीन वर्षांचे उत्पन्नाचे तक्ते आणि ताळेबंद मागितले होते. भरलेली विवरणपत्रे खात्याच्या संकेतस्थळावरून मिळाली. तक्ते आणि ताळेबंद मात्र त्या बंद आज्ञावलीच्या पोटात. काका तीन दिवस रोज यायचे. “पोरी, माझेच कागद ना ते?” असे त्यांनी एकदा मला विचारले. फेऱ्या चुकल्या, भाडे बुडाले. आज्ञावलीचा करार त्यांनी केला नव्हता, तिचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. कुलूप यंत्राला लावलेले होते. आत अडकले ते तिसऱ्याच माणसाचे दप्तर.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत इंट्यूट कंपनीच्या ‘टर्बोटॅक्स’ या आज्ञावलीचा तेथे मोठा खप आहे. २००२ या करवर्षाच्या आवृत्तीत कंपनीने प्रथमच असे कुलूप घातले. ज्या एका संगणकावर ती ॲक्टिव्हेट केली त्याखेरीज इतरत्र विवरणपत्र छापता येईना की पाठवता येईना. त्यातच, हे कुलूप हार्ड डिस्कच्या राखीव भागात गुपचूप खूण लिहिते असे लोकांना कळले. ग्राहक इतके संतापले की मे २००३ मध्ये कंपनीने ते काढून टाकल्याचे जाहीर केले. तेथील ग्राहकाला लगेच दुसऱ्या कंपनीकडे जाता आले, हे लक्षात ठेवले पाहिजे. आमच्यासारख्या कचेरीला ते सोपे नाही, कारण पंधरा वर्षांची माहिती एकाच कंपनीच्या साच्यात साठलेली असते.

मग सरकारची मोफत साधने हाच खरा आधार का मानू नये? मानावा, पण तो आधार वेळेवर हवा. आकारणी वर्ष १ एप्रिलला सुरू होते. २०२५ साली फॉर्ममधील बदल आणि साधने तयार होण्यास लागणारा वेळ ही कारणे देऊन २७ मे रोजी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेण्यात आली. नोकरी-धंद्याखेरीज भांडवली नफा वगैरे असणाऱ्यांच्या दोन व तीन क्रमांकाच्या फॉर्मची साधने जुलैत आली. शेवटी संकेतस्थळ अडखळल्यामुळे आणखी एक दिवस, १६ सप्टेंबर, वाढवून द्यावा लागला. त्याआधी, ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा तर इतका गोंधळ झाला की २३ ऑगस्ट रोजी अर्थमंत्र्यांनी ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्याधिकाऱ्यांस खुलाशासाठी बोलावले. शिवाय मोफत साधनांपैकी काही एक्सेलमध्ये चालतात, आणि एक्सेल मोफत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमधील मॅक्रो ते आपणहून रोखून धरते. ती अडवणूक हाताने दूर करावी लागते. हे न समजल्याने ‘फाइल चालत नाही’ म्हणून परत फिरलेली माणसे मी पाहिली आहेत.

सरकारच्या चुकीने मुदत टळली तर सरकार मुदत वाढवते. खाजगी कुलपाने टळली तर विलंबशुल्क करदात्याच्या माथी. २०२१-२२ या आकारणी वर्षापासून हे शुल्क पाच हजार रुपयांपर्यंत आहे, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास एक हजार. टेम्पोवाल्याला एक हजार म्हणजे काय, ते त्यालाच विचारावे.

कुलूप नसावेच असे मला म्हणायचे नाही. परंतु मुदतीच्या आधीच्या पंधरवड्यात किल्ली नाकारली गेली तरी आज्ञावली काही दिवस चालू राहावी, आणि जुन्या वर्षांची माहिती पाहण्यास व छापण्यास कधीच किल्ली लागू नये, एवढे तर विक्रीच्या अटींत घालता येईल. नव्या वर्षाचे पैसे न देणाऱ्याला नवे वर्ष देऊ नका. जुने दप्तर ज्याचे त्याला पाहू द्या. विवरणपत्राच्या फाइलचा साचा खाते स्वतः प्रसिद्ध करते, त्यामुळे ती फाइल कोणत्याही कंपनीला वाचता येते. तक्ता व ताळेबंद यांसाठीही असा साचा ठरवला तर माणूस एका कंपनीच्या दावणीला बांधला जाणार नाही.

तोपर्यंत आमच्या कचेरीत सरांनी एक नियम केला आहे. विवरणपत्र गेले की त्याच दिवशी तक्ता आणि ताळेबंद छापायचा, एक प्रत अशिलाला, एक फायलीत. कागद पुष्कळ लागतो. पावसाळ्यात फायलींना बुरशी येते म्हणून दर महिन्याला त्या झटकण्याचे काम माझ्याकडे आहे.