आधी कोणाकडे जाल?

आपल्याकडे नर्सला लायसन्ससाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पास व्हायचं, मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची आणि कामाला लागायचं. अमेरिकेत तसं चालत नाही. शिक्षण कुठंही झालेलं असो, एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा पास झाल्याशिवाय तिथं नर्स म्हणून काम करता येत नाही. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी २०१५ पासून हीच परीक्षा धरली, आणि ऑस्ट्रेलियात बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच नर्सना २०२० पासून आधी हीच द्यावी लागते.

माझं माहेर शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या बाजूला, सासर आणि नोकरी दौंडला. नोकरी सांभाळून मी ही परीक्षा दिली आणि पास झाले. तेव्हापासून दोन्ही तालुक्यांतल्या मुली, आणि आता मुलंही, विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

१. पुस्तक उघडण्याआधी नाव जुळवा.

हे ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. पण आपल्या मराठी मुलींचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं असतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. परिषदेच्या नोंदणीवर माहेरचं नाव, कारण नोंदणी लग्नाआधी झालेली. आधार आणि पासपोर्टवर आडनाव सासरचं, आणि वडिलांच्या जागी नवरा. आपल्या घरात कुणाला यात वावगं वाटत नाही. पण अमेरिकेत बसून कागद तपासणाऱ्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जपून ठेवा. जे कागद मराठीत आहेत त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. परीक्षेच्या परवानगीपत्रावर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. नसेल तर केंद्रावरून परत पाठवतात आणि भरलेली फी जाते. परीक्षेची फी २०० डॉलर आहे, अमेरिकेबाहेर केंद्र घेतलं की त्यावर आणखी १५० डॉलर. नर्सच्या पगारातून ते पैसे कसे उभे राहतात हे मी कुणाला सांगायला नको.

कॉलेजकडून विषयवार तासांचा तपशील आणि परिषदेकडून नोंदणीची पडताळणी, हे दोन्ही अमेरिकेतल्या तपासणाऱ्यांकडे परस्पर पाठवायचे असतात. त्याला महिने लागतात. अर्ज टाका आणि अभ्यासाला बसा, दोन्ही एकदम चालू द्या.

२. परीक्षा पाठांतर विचारत नाही, क्रम विचारते.

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून यावर थोडं जास्त बोलते. आपल्या परीक्षांत ‘न्यूमोनियाची लक्षणे लिहा’ असं येतं. इथं चार पेशंट समोर ठेवतात आणि विचारतात, आधी कोणाकडे जाल? एकाचं कालच ऑपरेशन झालंय आणि दुखतंय म्हणून तो ओरडतोय. एकीची शुगर वाढलीय. एकाला डिस्चार्जची घाई आहे. आणि चौथा दम्याचा, मघापर्यंत छातीत घरघर होती, आता शांत पडलाय. नातेवाईक म्हणतात, बरं वाटतंय वाटतं, झोपला. नर्सनं तिथंच पळायचं असतं. घरघर थांबली म्हणजे हवा आत-बाहेर जायचीच थांबत आली असू शकते.

हे मी कोचिंगमध्ये शिकले नाही. आमच्या भागात एकाच रात्री सोलापूर हायवेवरचा अपघात येतो, फडावरून ऊसतोड कामगाराची बायको कळा घेऊन येते, पिकावर मारायचं औषध प्यायलेला कुणी येतो आणि घोणस चावलेला शेतकरीही येतो. ड्युटीवर एक सिस्टर आणि एक मावशी. घोणस चावलेला माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, पण आत त्याच्या रक्ताची गोठण्याची ताकद चाललेली असते. म्हणून काचेच्या कोऱ्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर प्रतिविष लागणार हे डॉक्टर येण्याआधी सिस्टरला कळलेलं असतं. एनक्लेक्समध्ये घोणस येणार नाही. पण दिसायला बरा असलेला पेशंट आतून ढासळतोय हे ओळखायची नजर तिथं हमखास तपासली जाते.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं स्वरूप बदललं तेही याच दिशेनं. एक केस देतात, नर्सच्या नोंदी, तपासण्यांचे आकडे, औषधांचा तक्ता देतात, आणि तिच्यावर सहा प्रश्न. काय खटकलं, त्याचा अर्थ काय, सगळ्यात आधी काय संभवतं, काय करता येईल, काय कराल, आणि केल्यावर फरक पडला का. चांगली इन्चार्ज हँडओव्हर घेताना हेच सहा प्रश्न विचारते. शिरूर-दौंडच्या मुली मला म्हणतात, आम्ही छोट्या हॉस्पिटलच्या, आम्हाला काय जमणार. मला हे वाक्य ऐकवत नाही. मोठ्या शहरात एकेका विभागात काम केलेल्या नर्सनं जे पाहिलेलं नसतं ते तुम्ही एका नाईटमध्ये पाहता. दहा-पंधरा पेशंटमधून आधी कोण हे तुम्ही रोज ठरवता. त्यामागचं कारण शब्दांत मांडायची सवय तेवढी करा: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, जुन्या दुखण्याआधी नवं, अपेक्षित त्रासाआधी अनपेक्षित.

३. ‘डॉक्टरांना कळवते’ हे उत्तर शेवटी ठेवा.

आपल्याला ऑर्डरची वाट पाहायला शिकवलंय. परीक्षा विचारते, फोन उचलण्याआधी तुझ्या हातात काय होतं? रक्त चालू आहे आणि पेशंटला थंडी वाजून कंबर दुखायला लागली, तर आधी रक्त बंद. मग नवी नळी लावून नॉर्मल सलाईननं शीर चालू ठेवायची, मग फोन. झटक्यांच्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे, गुडघ्याचा झटका येईना, श्वास बारापेक्षा खाली गेला, तर औषध थांबवायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवायचं. हे दौंडच्या लेबर रूममध्ये जसं खरं आहे तसंच शिकागोत खरं आहे. म्हणून मी मुलींना सांगते, ड्युटीवर प्रत्येक औषध देताना मनात तीन गोष्टी म्हणा: हे का देतेय, कशावर लक्ष ठेवायचं, बिघडलं तर पहिलं पाऊल कोणतं.

४. मावशीला काय सांगायचं आणि काय नाही.

काम सोपवण्याचे प्रश्न आपल्या मुलींना सर्वांत जड जातात, कारण आपल्या वॉर्डात सगळेच सगळं करतात. सलाईन संपत आलं की सांगा, असं आपण नातेवाइकांना बजावतो. तिथं ते चुकीचं उत्तर आहे. नियम असा: स्थिर पेशंटची अंघोळ, कुशीवर वळवणं, लघवी मोजणं, गिळायला त्रास नसलेल्याला भरवणं, ठरलेल्या वेळी बीपी घेणं ही कामं मदतनिसाला देता येतात. पेशंट तपासून अंदाज बांधणं, त्याला शिकवणं आणि केलेल्या उपचाराचा परिणाम पाहणं ही तिन्ही नर्सनं स्वतःच करायची. एवढं पक्कं झालं की या प्रश्नांची भीती जाते.

५. औषधं तीच, नावं निराळी.

आपलं पॅरासिटामॉल तिथं अ‍ॅसिटामिनोफेन. सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. एक वही करा, संपला विषय.

६. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण वाचनाची सवय लावा.

मी मराठी माध्यमातली. प्रश्नातली शेवटची ओळ आधी वाचायची, मग वरचा मजकूर, हे मला उपयोगी पडलं. ‘फर्दर टीचिंग’ची गरज कोणाला, असं विचारलं तर पेशंटचं चुकीचं वाक्य शोधायचं असतं, घाईत आपण बरोबर वाक्य निवडतो. रोज थोडे प्रश्न सोडवा आणि त्यांचं स्पष्टीकरण पूर्ण वाचा, बरोबर आलेल्यांचंसुद्धा. दौंडहून पुण्याला जाताना गाडीत जागा मिळाली तर तेवढ्या वेळात चांगला अभ्यास होतो. नाईट करून आल्यावर मात्र झोपा. त्या तासांत वाचलेलं राहत नाही.

७. परीक्षेच्या खोलीत.

मुंबईत केंद्र आहे. आदल्या दिवशीच पोहोचा. शिरूरला रेल्वे नाही, वाघोलीच्या कोंडीचा भरवसा नाही. परीक्षा पाच तासांची. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा-अवघड होत जातो आणि कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा बंद होते, मग निकाल पासचा असो वा नापासचा. म्हणून ८५ ला थांबली किंवा लांबली यावरून काही ठरवू नका. प्रश्न अवघड वाटत राहिले तर घाबरू नका, बहुधा तुम्ही वरच्या पातळीवर आहात. प्रश्न सोडून पुढं जाता येत नाही आणि मागं येता येत नाही. ‘लागू असतील ते सर्व निवडा’ यात सरसकट खुणा करू नका, चुकीच्या खुणेचे गुण बरोबर खुणांतून वजा होतात.

८. पास म्हणजे व्हिसा नव्हे.

हे एजंट सांगत नाहीत, म्हणून मी स्पष्ट सांगते. अमेरिकेत नर्स ज्या ग्रीनकार्डच्या वर्गातून जातात, त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. सोनं गहाण ठेवून कुणाच्या हातात पैसे देण्याआधी हे समजून घ्या. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा विचार करा. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथं मात्र जर्मन भाषा शिकण्याला पर्याय नाही. आणि इथली दारं बंद करू नका. एम्सची नर्सभरतीची परीक्षा, नॉरसेट, २०२० पासून होते आहे. अभ्यास बराचसा तोच. फक्त तिथं चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात, त्यामुळं अंदाजानं खुणा करायच्या नाहीत. एका अभ्यासावर दोन परीक्षा देता येतात, आणि माझ्या मते द्याव्यातच.

९. घर आणि हॉस्पिटल.

रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं आणि बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हा परक्या माणसाची शुश्रूषा करणं घरंदाज बाईला शोभत नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. आज कुणी तसं म्हणत नाही. नर्स सून सगळ्यांना हवी असते. पण तिला रोज दोन तास शांतपणे वाचायला मिळावं, यासाठी संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा, हे अजून फार थोड्या घरांत घडतं. माझ्या सासूबाईंनी ते केलं. त्याशिवाय माझं जमलं नसतं.

आणि आमच्या भागातल्या हॉस्पिटलांच्या डॉक्टरांना, इन्चार्ज सिस्टरना हात जोडून विनंती: तुमची एखादी मुलगी परीक्षा देणार असेल तर ती सोडून जाईल या भीतीनं तिची रजा अडवू नका. आदल्या आठवड्यात तिला नाईट लावू नका. तिनं अभ्यास केला तर पहिला फायदा तुमच्याच वॉर्डातल्या पेशंटला होतो.