गोठ्याची तुळई आणि ट्रॅक्टरचे इंजिन

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन उतरवताना अनेकदा गोठ्याच्या तुळईलाच चेनकप्पी अडकवली जाते. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ही सवय जिवावर बेतणारी आहे. वाळवी उजेड टाळते. ती लाकूड आतून पोखरते आणि बाहेरचा पातळ थर तसाच ठेवते. त्यामुळे रंगवलेली, धडधाकट दिसणारी तुळईही आतून पोकळ असू शकते. पीठ पाडणाऱ्या भुंगेऱ्यांची खूण निराळी : १ ते २ मिलिमीटरची गोल छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा पेचकस सहज आत शिरला, तर लाकूड खाल्ले गेले आहे असे समजावे. मात्र खणखणीत आवाज ही भारक्षमतेची हमी नव्हे. तुळई छपरासाठी घातलेली असते, इंजिनासाठी नव्हे. वजन लोखंडी तिपाईवर किंवा इंजिन क्रेनवरच घ्यावे. क्रेनची भुजा लांबवली की तिची क्षमता घटते.

साखळ्यांचा कोनही महत्त्वाचा. ३०० किलोचे इंजिन दोन साखळ्यांनी उचलताना त्या आडव्या रेषेशी ६० अंशांत असल्यास प्रत्येकीवर सुमारे १७३ किलो ताण येतो. ३० अंशांत तोच ३०० किलो होतो.

बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. म्हणून ते सोडवण्यापूर्वी मागील चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावेत, गिअरबॉक्सखाली भक्कम लोखंडी घोडी ठेवावी आणि पुढील भाग कलंडू नये यासाठी ॲक्सल व त्याचा आधार यांमध्ये दोन्हीकडे लाकडी पाचरी ठोकाव्यात. या पाचरींसाठीही गोठ्यातले जुने लाकूड घेऊ नये.