जुन्या घरातील वीजबटणे : बदल केवळ दर्शनी नसावा

दिल्लीच्या जुन्या भागातील एखाद्या इमारतीचा जिना चढताना भिंतीवरील गोल लाकडी ठोकळ्यावर बसविलेले काळे बटण आजही दृष्टीस पडते. कोठे ते बेकलाइटचे असते, तर कोठे त्यावर पितळी टोपी असते. दाबताच ‘खट्ट’ असा भरदार आवाज होतो आणि दिवा लागतो. कित्येक दशके निमूटपणे सेवा देणाऱ्या या बटणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते निकामी झाले की बाजारातून नवे आणून बसविले जाते आणि काम पूर्ण झाले असे मानले जाते. वास्तविक, जुन्या इमारतीत खरे काम तेथूनच सुरू होते.

वारसा एका शहराचा

फेब्रुवारी १९३१ मध्ये नवी दिल्लीचे उद्घाटन झाले. रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात कॅनॉट प्लेस उभे राहिले. फाळणीनंतर राजेंद्रनगर, लाजपतनगर यांसारख्या वसाहती वसल्या. सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही करोल बाग, पहाडगंज या परिसरांत स्थिरावली. त्या काळातील घरांत सागवानी केसिंग-कॅपिंगमधून किंवा लाकडी पट्टीवर ठोकलेल्या क्लिपांतून तारा नेल्या जात. बटणे मुख्यतः बेकलाइटची असत. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेला हा पदार्थ उष्णता सहन करतो व वीज वाहू देत नाही. मात्र कालांतराने तो ठिसूळ होतो आणि त्याला तडे जातात.

बटण झिजते म्हणजे काय?

बटणाच्या आत धातूचे दोन संपर्कबिंदू व एक स्प्रिंग असते. बटण उघडताना आणि मिटताना या बिंदूंमध्ये सूक्ष्म ठिणगी उडते. वर्षानुवर्षांच्या अशा ठिणग्यांनी पृष्ठभाग खडबडीत व काळा होतो, स्प्रिंग सैल पडते आणि तारेला धरणारे स्क्रूही ढिले होतात. परिणामी संपर्काच्या जागी विजेला होणारा रोध वाढतो.

या वाढीचे गांभीर्य एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीजप्रवाह घेतो. सैल जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम असला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. ४० वॅटचा जुना बल्ब पेटता असताना हातात धरवत नाही. जवळपास तेवढीच उष्णता येथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत, लाकडी बोर्डाच्या मागे कोंडलेली असते. फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो.

म्हणूनच पुढील लक्षणे दिसताच त्या बटणाचा वापर थांबवावा : बटण हाताला गरम लागणे, चरचर आवाज येणे, दिवा लुकलुकणे, जळका वास येणे, बोर्डावर तपकिरी डाग उमटणे किंवा बटण अर्ध्यावर अडकणे.

सैल जोड किती घातक ठरू शकतो, याचा दारुण अनुभव दिल्लीने घेतला आहे. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जणांचा बळी गेला. आगीचे मूळ तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरच्या केबलच्या सदोष, सैल जोडणीत असल्याचे तपासात निष्पन्न झाले. बाहेर पडण्याच्या वाटांतील अडथळ्यांमुळे जीवितहानी वाढली. ट्रान्सफॉर्मर आणि घरातील बटण यांच्या आकारमानात महदंतर असले, तरी सैल जोड तापतो हा नियम दोहोंना सारखाच लागू आहे.

बटणामागची तार

जुन्या तारांवर रबराचे वेष्टन व त्यावर सुती विणीचे आवरण असे. हे रबर काळाच्या ओघात वाळून कडक होते. तार जागची हलली नाही तोवर ते टिकून राहते. मात्र नवे बटण बसविण्यासाठी तार वाकविताच त्याचा भुगा होऊन तांबे उघडे पडते. आधुनिक मॉड्युलर बटणांच्या धातूच्या पेटीत अशी उघडी तार टेकली, तर ती पेटीच विजेने भारित होण्याचा धोका असतो. पेटीला अर्थिंगची तार जोडलेली असणे त्यामुळेच अत्यावश्यक आहे. अनेक जुन्या घरांत दिव्यांच्या बोर्डापर्यंत ही तार आलेलीच नसते.

यास्तव बटणे बदलण्यापूर्वी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने तारांची तपासणी करून घ्यावी. मोजमाप सर्वसाधारणपणे एक मेगओहमपेक्षा कमी येऊ नये. कमी आल्यास बटणांवर खर्च न करता प्रथम तारा बदलणे शहाणपणाचे ठरते.

काम करताना

१. मेन स्विच बंद करावा. दिल्ली परिसरातील अनेक घरांत इन्व्हर्टर असतो आणि मेन बंद केल्यावरही तो वीज देत राहतो. त्यामुळे तोही स्वतंत्रपणे बंद करावा.

२. टेस्टर प्रथम वीज चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून पाहावा, मग बोर्डावर लावावा. बिघडलेला टेस्टर खोटा दिलासा देतो.

३. बटण फेजच्या तारेवरच असावे. जुन्या घरांत ते कधी कधी न्यूट्रलवर आढळते. अशा वेळी दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलणाऱ्यास धक्का बसू शकतो.

४. दिवे-पंख्यांसाठी ६ अँपिअरचे, तर गीझर व वातानुकूलन यंत्रासाठी त्यांच्या भारानुसार १६ अँपिअर वा अधिक क्षमतेचे बटण निवडावे. त्यावर आयएसआय चिन्ह पाहावे. बटण मोठे व तार बारीक असा मेळ कदापि नसावा.

५. जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविल्यास संरक्षण पुष्कळ वाढते.

हे काम कोणी करावे? परवानाधारक कंत्राटदाराची अट घालताना १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ ने मूळ क्षमता वा स्वरूप न बदलता केलेली बटणांची अदलाबदल वगळली होती. बटणाची क्षमता वाढविणे किंवा नवी तार ओढणे मात्र परवानाधारकाचेच काम आहे. तारांची अवस्था ठाऊक नसेल, तर साध्या अदलाबदलीसाठीही जाणकार वायरमन बोलावणे श्रेयस्कर.

भाड्याच्या जागेत

जुन्या भाडेकरारांत एक निराळीच अडचण उद्भवते. मालक म्हणतो, वापरणाऱ्याने बदलावे. भाडेकरू म्हणतो, ज्याचे घर त्याने बदलावे. या वादात गरम होणारे बटण तसेच राहते. दिल्ली भाडे नियंत्रण कायदा, १९५८ च्या कलम ४४ नुसार जागा सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊनही वाजवी मुदतीत त्याने आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एकबारांशापेक्षा अधिक असू शकत नाही. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना हा कायदा लागू नाही. तेथे करारातील अटी पाहाव्या लागतात. दोन्ही प्रसंगी लेखी पत्रव्यवहार व पावत्या जपून ठेवाव्यात.

जपावे ते आणि बदलावे ते

पितळी टोपीच्या बटणांशी अनेकांच्या आठवणी निगडित असतात. वडिलांनी बांधलेल्या घरातील अशी वस्तू टाकून देणे जिवावर येते आणि ते स्वाभाविकही आहे. अशी बटणे तारांपासून पूर्णपणे मुक्त करून, स्वच्छ करून दिवाणखान्यात जतन करता येतील. त्यांच्यातून वीज खेळविण्याचा अट्टाहास मात्र टाळावा. पुढील पिढीस जुने बटण आठवण म्हणून द्यावे. त्यामागचा सैल जोड वारसा म्हणून देऊ नये.