दहिसरची मुलं जगात कितवी?

प्रश्न : माझी मुलगी दहिसरच्या मराठी शाळेत नववीत आहे. सिंगापूरची मुलं गणितात जगात पहिली आली, असं वाचलं. मग आपली मुलं कितवी?
– एक पालक, दहिसर

उत्तर : आपल्या मुलांना नंबरच नाही, कारण ती त्या परीक्षेला बसलेली नाहीत. परीक्षेचं नाव ‘पिसा’. ओईसीडी ही संघटना 2000 सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासते. 2022च्या फेरीत 81 देश-प्रदेश होते. सिंगापूरला गणितात 575 गुण मिळाले.

आपण एकदाच उतरलो, 2009च्या फेरीच्या वाढीव टप्प्यात. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश 74 जणांत अगदी तळाला राहिले. प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीला धरून नव्हते, असं म्हणत सरकारने माघार घेतली. 2019मध्ये पुन्हा करार झाला, तो चंडीगढ, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांपुरता. करोनाने फेरी लांबली आणि शेवटी भारत बसलाच नाही. आक्षेप अगदीच खोटा नव्हता, पण तो आत राहून मांडायला हवा होता. माघारीने नुकसान मुलांचंच झालं.

मात्र ही आपल्या स्कॉलरशिपसारखी परीक्षा नव्हे. निवडक शाळांतली निवडक मुलं बसतात, कोणाही मुलाच्या हाती गुणपत्रिका पडत नाही. पाठांतर चालत नाही. दहिसर-चर्चगेट रोजचं तिकीट आणि महिन्याचा पास, किती दिवस प्रवास केला तर पास परवडेल, अशा धाटणीचं गणित असतं. क्रमांकाचंही फार मनावर घेऊ नका : 2009 आणि 2012मध्ये पहिलं आलेलं शांघाय हे एकटं शहर होतं, बाजूला अख्खे देश.

घरच्या मोजमापातही दहिसर सुटतं. मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल 2005पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतो, पण फक्त ग्रामीण भागात. ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत तो जातो, दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे येत नाही.

आपल्यासाठी उरतं ते सरकारी ‘परख’ सर्वेक्षण. डिसेंबर 2024मध्ये ते तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं आणि त्याचे निकाल जिल्हावार आहेत. पुढच्या पालकसभेत मुंबई उपनगर जिल्ह्याचा नववीचा गणिताचा निकाल मागा, आणि शाळा त्यावर काय करणार आहे, तेही विचारा.