ऐनवेळी बोट सुटली पाहिजे

जुलै २००५ म्हटलं की महाड-पोलादपूरच्या माणसाला आधी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते आठवतात. त्या दरडींनी सुमारे दोनशे माणसं नेली. त्याच आठवड्यात, २७ जुलैला, मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर भर समुद्रात ओएनजीसीचा ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्म जळून कोसळला. त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. बोलायला हवं. इथल्या आयटीआयमधून फिटर, वेल्डर होऊन निघालेली पोरं ठेकेदारामार्फत रिगवर, बार्जवर जातात. जाण्याआधी पगार नीट विचारून घेतात, पण जीव कसा वाचवायचा ते विचारायचं राहून जातं. मी समुद्रावर नोकरी केली आहे, म्हणून हे सांगणं मला माझं काम वाटतं.

२००५ च्या त्या आगीची सुरुवात एका आचाऱ्याच्या कापलेल्या बोटांपासून झाली. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरून त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने लागलं. त्यात जहाज जागेवर धरणाऱ्या थ्रस्टरचा बिघाड. लाटेने जहाज ढकललं, हेलिडेकचा भाग गॅसच्या रायझरवर, म्हणजे उभ्या नळीवर, आदळला आणि भडका उडाला. दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून तिथे ३८४ माणसं होती. त्यातली ३६२ वाचली, २२ गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टरांची मदत वेळेवर मिळाली नाही. प्लॅटफॉर्मवरच्या आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या, दहा राफ्टांपैकी (फुगवायच्या तराफ्यांपैकी) एकच.

सोय होती, पण ऐनवेळी हाती लागली नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात हीरा तेलक्षेत्राजवळच्या ‘पी-३०५’ बार्जचे नांगर तुटले आणि १७ मेच्या संध्याकाळी ती बुडाली. बार्जवर २६१ माणसं होती. बरेच राफ्ट पंक्चर होते, असं बचावलेल्यांनी सांगितलं. लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून जे रात्रभर तरंगत राहिले, त्यांतल्या अनेकांना नौदलाने उचललं. एकूण १८६ जण वाचले.

म्हणून रिगवर पाय ठेवला की जेवणाआधी आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची हजेरीची जागा, बघून यावं. आपली बोट कुठली, हजेरीचं टी-कार्ड कुठे लावायचं, धुराने एक जिना अडला तर दुसरा कुठे, हे चालून बघावं. अंधारातही तिथे पोचता आलं पाहिजे. राफ्टचा पांढरा डबा दिसला तर त्याचा पट्टा बघा. पट्ट्यात हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचं छोटं यंत्र असतं. जहाज बुडालं की काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने ते पट्टा सोडतं आणि राफ्ट वर येतो. वाऱ्याने डबा हलू नये म्हणून कुणी त्यावर जादा दोर आवळला असेल तर राफ्ट बुडत्या जहाजाबरोबरच जाईल. असा दोर दिसला की तडक सेफ्टी ऑफिसरला सांगा.

हेलिकॉप्टरचंही तसंच. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ पवन हंसचं हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. नऊ जणांपैकी चौघे गेले. पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षण असतं, त्याला हुएट म्हणतात. त्यात शिकवतात ते असं: एक हात खिडकीच्या कडेवर ठेवा, दुसरा बेल्टच्या कडीवर. हेलिकॉप्टर उलटं होऊन थांबेपर्यंत बेल्ट सोडू नका, नाहीतर दिशा हरवते. आधी खिडकी ढकला, मग बेल्ट सोडा. जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा. आत फुगवलं तर ते तुम्हाला आतच वर दाबून धरेल.

गॅसचा भोंगा वाजला की आधी वाऱ्याची पिशवी बघा आणि वाऱ्याला आडवे किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाला निघा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून मागे फिरू नका. पडलेल्या सोबत्याला उचलायला श्वसनयंत्राशिवाय जाऊ नका.

ही शिस्त घरच्या नोकरीतही लागते. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात आगीने ११ कामगार गेले. तिथेही बाहेरची वाट आणि हजेरीची जागा पहिल्या पाळीलाच पायाखालून गेलेली असावी.

समुद्रावर निघण्याआधी ठेकेदाराला चार प्रश्न विचारा. प्रशिक्षणाचा दाखला कुठल्या केंद्राचा? बार्जचं नाव काय? वादळाचा इशारा आला तर बार्ज कोणत्या बंदराकडे नेणार आणि तो निर्णय कोण घेणार? विमा कोणाच्या नावावर? उत्तरं कागदावर लिहून घ्या. एक प्रत पोलादपूरला किंवा गावी घरच्यांकडे ठेवा, सोबत रक्तगट, आधारची झेरॉक्स आणि ठेकेदाराच्या ऑफिसचा लागणारा फोन. ज्याला बार्जचं नावच सांगता येत नाही, त्या ठेकेदाराला नकार द्या.