ऐकावे जनाचे, करावे मनाचे

वाचण्याआधी
तुम्ही केलेलं चित्र, गाणं किंवा व्हिडिओ कुणाला दाखवलात आणि "छान आहे" एवढंच उत्तर मिळालं, असं कधी झालंय का? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? दोन वाक्यांत सांगा.

पाठ

मुलांनो, 'द स्पार्क' हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. कॉर्कमधल्या नॉकनहीनी भागातल्या 'कॅबिन क्रू'ने आणि क्लेअर काउंटीतल्या लिस्डूनवार्नाच्या मुलांनी मिळून २०२४ मध्ये ते केलं. आयर्लंडमध्ये दर जूनमध्ये 'क्रिनू ना नोग' हा मुलांच्या कलांचा दिवस असतो. त्या दिवसासाठी केलेलं हे रॅप बघता बघता जगभर पोचलं. ते ऐकून माझ्या रविवारच्या वर्गातली पाच मुलं म्हणाली, "ताई, आपण पण म्युझिक व्हिडिओ करू या. मराठीत!"

गाणं मुलांनीच लिहिलं. विषय पाऊस. पहिल्या कडव्यात आयर्लंडचा पाऊस, दुसऱ्या कडव्यात कोकणातला. मधे एका मुलाच्या चिपळूणच्या आजीचा व्हॉइस मेसेज. लहानपणी पागोळ्यांखाली हात धरून ती कशी उभी राहायची, ते ती त्यात सांगते. कॉर्कची एक मुलगी गायली. डब्लिनच्या मुलाने ढोलकी वाजवली. शूटिंगसाठी आम्ही सगळे ब्रेच्या समुद्रकिनारी जमलो आणि दिवसभर मनसोक्त भिजलो.

व्हिडिओ तयार झाला. आता तो लोकांना दाखवायचा आणि त्यांचं मत घ्यायचं. काम संपलं असं मुलांना वाटलं होतं. खरं काम इथूनच सुरू झालं.

"कसा वाटला?" विचारून काय होतं?

पहिल्यांदा आम्ही व्हिडिओ सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "कसा वाटला?" उत्तरं आली: "मस्त!", "शाब्बास!", "खूप छान, बाळांनो!" शिवाय अंगठे आणि फुलं. मुलं खूश झाली. पण कौतुकाने हुरूप येतो, काय सुधारायचं ते कळत नाही.

मला माझी शाळा आठवली. आमच्या मराठी शाळेत गॅदरिंगच्या नाटकाची रंगीत तालीम व्हायची. तेव्हा बाई शिपाईकाकांना शेवटच्या बाकावर बसवायच्या. नाटक चांगलं की वाईट, ते काका सांगत नसत. ऐकू आलं नाही, की ते फक्त हात वर करायचे. तेवढ्यानेच आमचे आवाज मोठे झाले. आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथेही हेच करतो. नवीन स्क्रीन माणसासमोर ठेवायची, आपण गप्प बसायचं आणि तो कुठे अडखळतो ते बघायचं.

मग आम्ही व्हिडिओ नव्या लोकांना पाठवला. सोबत तीन प्रश्न दिले:

१. गाणं कशाबद्दल आहे?
२. कुठले शब्द कळले नाहीत?
३. कंटाळा कुठे आला? वेळ लिहा.

तुम्ही शाळेत 'टू स्टार्स अँड अ विश' करत असाल. मित्राच्या कामातल्या दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि एक सुधारणा सुचवायची. तेही चांगलंच आहे. पण आमच्या प्रश्नांत 'चांगलं' हा शब्दच नाही, हे लक्षात आलं का? काय दिसलं आणि काय ऐकू आलं, एवढंच आम्ही विचारलं. या वेळी उत्तरं वेगळी आली.

पाऊस कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाला एका मावशीने लिहिलं, "समुद्राबद्दल आहे का?" दुसऱ्या एकाने लिहिलं, "गाणं पावसाचं वाटतं, पण पाऊस कुठे आहे?"

मुलं चिडली. "म्हणजे काय? आम्ही अख्खा दिवस भिजत होतो!"

मी म्हटलं, "चला, आवाज बंद करून बघू या." बघितलं, तर खरंच पाऊस नव्हता. राखाडी आकाश होतं, राखाडी समुद्र होता, ओले केस होते. इथला पाऊस बारीक असतो. असा पाऊस कॅमेऱ्यात सहसा दिसतच नाही. थेंबांच्या मागून उजेड आला आणि त्यामागे अंधार असला, तर धारा चमकतात. म्हणून तर सिनेमात पावसाच्या दृश्यात दिवे पावसाच्या मागे लावतात.

आम्हाला पाऊस 'दिसत' होता, कारण तो आमच्या अंगावर पडला होता. बघणाऱ्याच्या अंगावर तो पडला नव्हता. त्याच्यासमोर फक्त फोन होता.

पुन्हा ब्रेला जायची गरज पडली नाही. प्रत्येकाने आपापल्या गावात संध्याकाळी शूटिंग केलं. कुणी दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या धारा टिपल्या, कुणी डबक्यात उठणारी वर्तुळं, तर कुणी बसस्टॉपच्या छपरावरून गळणारं पाणी.

"माझा आवाज काढा"

दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र मनाला लागणारं होतं. एका काकांनी लिहिलं, "मुलीचे उच्चार नीट नाहीत. शब्द कळतच नाहीत. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्या."

त्या रात्री कॉर्कच्या मुलीने मला मेसेज केला: "ताई, माझा आवाज काढा."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, काका म्हणतात ते बरोबर असेल. तिचा 'ळ' थोडा 'ल'सारखा येतो. पण ढोलकीवाला मुलगा म्हणाला, "ताई, आधी चेक करू या ना. फक्त तिचा आवाज पाठवू. म्युझिक नको."

आम्ही नुसता आवाज तिघांना पाठवला. त्यात ते काकाही होते. विनंती केली, की जे ऐकू येईल ते टाइप करून पाठवा. काकांनी जवळजवळ सगळं गाणं बरोबर लिहून पाठवलं. 'पागोळ्या' हा शब्दसुद्धा, 'ळ'सकट!

मग अडचण कुठे होती? ढोलकीत. आम्ही गाणं चांगल्या हेडफोनवर ऐकून तयार केलं होतं. लोक ते फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकत होते. तिथे ढोलकीखाली शब्द दबत होते. आम्हाला हे कळलं नाही, कारण गाणं आम्हाला पाठ होतं. पाठ असलेले शब्द आपल्याला आपोआप ऐकू येतात. पावसाचं जे झालं, तेच इथेही झालं.

ढोलकी कमी केली. मुलीचा आवाज तसाच ठेवला.

इथे नीट लक्ष द्या. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. 'शब्द कळत नाहीत' हा त्यांचा अनुभव होता आणि तो खरा होता. 'दुसऱ्याकडून गाऊन घ्या' हा त्यांचा उपाय होता आणि तो चुकीचा होता. पोट दुखतंय हे पेशंटच सांगू शकतो. पण कशाने दुखतंय, ते शोधावं लागतं. आपण पहिली गोष्ट ऐकली नसती, तर गाणं बिघडलेलंच राहिलं असतं. दुसरी ऐकली असती, तर एका मुलीने पुन्हा मराठीत गायलं नसतं.

आणि उच्चाराचं म्हणाल, तर 'द स्पार्क' पुन्हा ऐका. कॉर्कची मुलं कॉर्कच्याच ढंगात गातात. त्यांना कुणी डब्लिनसारखं बोलायला लावलं नाही.

आजीचं बोलणं ठेवायचं का?

तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याच जणांचं उत्तर सारखंच होतं: "आजीच्या बोलण्याच्या वेळी कंटाळा आला. ते काढा." पुण्याच्या एका चुलतभावाने तर सुचवलं, "त्या जागी डान्स टाका, 'झिंगाट'सारखा!"

आता काय करायचं? बरेच लोक एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती टाळता येत नाही.

तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. १९३९ मध्ये 'द विझार्ड ऑफ ऑझ' हा सिनेमा आला. त्यात 'ओव्हर द रेनबो' हे गाणं आहे. सिनेमा प्रदर्शित होण्याआधी प्रेक्षकांना दाखवून बघितला. त्यानंतर स्टुडिओतल्या काही मोठ्या लोकांना वाटलं, या गाण्यामुळे सुरुवात संथ होते. त्यांनी ते काढलं. पण गाणं हवंच म्हणणारेही तिथे होते. ते भांडले आणि गाणं परत आलं. पुढे त्याच गाण्याला ऑस्कर मिळालं.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'हे गाणं आजी-आजोबांना ऐकवण्यासाठी आहे.' मुलांनी ते पुन्हा वाचलं आणि ठरवलं, आजी राहणार. पण लोकांना कंटाळा का आला, तेही शोधलं. आजी बोलत असताना पडद्यावर तिचा एकच फोटो होता, हलत नव्हता. त्या जागी मुलांनी बसस्टॉपच्या छपरावरून गळणारं पाणी दाखवलं. आजीचा एकही शब्द कापला नाही.

शेवटी व्हिडिओ चिपळूणला गेला. आजीने तो फोनवर बघितला. या वेळी आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. तीच म्हणाली, "अगं बाई! तुमच्याकडेपण पागोळ्या पडतात की!"

आपल्यात एक म्हण आहे: ऐकावे जनाचे, करावे मनाचे. काही जण तिचा अर्थ 'लोकांकडे लक्ष देऊ नका' असा घेतात. पण म्हणीत 'ऐकावे' हा शब्द आधी येतो, हे विसरू नका.

शब्दार्थ
- पागोळ्या: छपराच्या कडेवरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या धारा
- कडवं: गाण्याचा एक भाग
- रंगीत तालीम: नाटकाच्या आधीची शेवटची तालीम, कपडे आणि मेकअप करून केलेली
- हुरूप येणे: काम करायचा उत्साह वाटणे
- अडखळणे: मधेच थांबणे, अडणे
- मनाला लागणे: वाईट वाटणे
- ढंग: पद्धत

स्वाध्याय
१. शिपाईकाका हात वर का करायचे?
२. मुलांना पाऊस दिसत होता, पण मावशीला दिसला नाही. असं का झालं?
३. खालच्या वाक्यांपैकी अनुभव कोणता आणि उपाय कोणता, ते लिहा:
 (अ) "मला शेवट कळला नाही."
 (आ) "शेवट बदलून टाका."
 (इ) "दुसऱ्या मिनिटाला मी फोन खाली ठेवला."
४. 'हुरूप येणे' आणि 'मनाला लागणे' वापरून एकेक वाक्य करा.
५. तुम्ही असता, तर आजीचं बोलणं ठेवलं असतं का? कारण सांगा.
६. करून बघा: एका मिनिटाचा व्हिडिओ करा. आधी वहीत 'हा कोणासाठी आहे?' ते एका वाक्यात लिहा. मग तो तिघांना दाखवा आणि 'चांगला', 'छान', 'आवडला' हे शब्द न वापरता तीन प्रश्न विचारा. ते बघत असताना मधे बोलू नका. काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही, ते पुढच्या वर्गात सांगा.