जात्यावरच्या ओवीची लय आणि पट्टी

मुलांनो,

स्नेहसंमेलनासाठी आपण ओवी बसवायला घेतली तेव्हाची गंमत आठवते ना? कीबोर्डवरचा तयार ठेका सुरू केला आणि ओवी धावतच सुटली. शब्द बरोबर होते, सूरही चुकला नव्हता. तरी गावाहून आलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "अरे, एवढ्या घाईने जातं ओढलंत तर पीठ नाही, भरड पडेल!" आजी असे का म्हणाल्या, ते आज पाहू.

जाते म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड. वरच्या दगडाला लाकडी खुंटा असतो आणि मध्ये भोक असते. त्या भोकात मूठमूठ धान्य घालतात, त्याला वैरण घालणे म्हणतात. समोरासमोर बसून दोघी बायका एकच खुंटा धरून दळत. इथल्या जुन्या अरबी घरांतही असेच जाते असे. अरबीत त्याला 'रहा' म्हणतात.

लय : गाण्याचा वेग म्हणजे लय. ओवीची लय हात ठरवतो. दगड जड असतो आणि दळण तासभर चालायचे, म्हणून लय संथच राहते. वैरण घालताना हात थोडा थांबतो, तसा गळाही थांबतो.

ताल : ओवीला तबला-ढोलकी लागत नाही. दगडाची घरघर हाच ठेका. ओळ फेरीत बसली नाही तर 'बाई', 'गं' असे शब्द घालतात किंवा शेवटचा स्वर लांबवतात. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला मिळतो.

सूर : चाल बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते आणि ओळ संपताना खाली येऊन विसावते. एकाच चालीवर कितीतरी ओव्या म्हणता येतात. म्हणूनच माहेरची आठवण, भावाची वाट, लेकराचे कौतुक, जे मनात येईल ते बाईला त्याच चालीत गाता येई.

पट्टी : आपला 'सा' कुठे धरायचा ते ठिकाण म्हणजे पट्टी. पेटीवर आपण 'काळी चार', 'पांढरी एक' म्हणतो ना, तेच. ओवीची पट्टी ठरलेली नसते. पहाटे आवाज जड असतो, म्हणून सा साहजिकच खाली लागतो. शिवाय दोघींच्या गळ्यांना झेपेल असाच तो धरावा लागतो. आपणही आधी पेटीशिवाय गुणगुणावे आणि मग तो सा पेटीवर शोधावा. आपण उलटे केले, तेथेच चुकले.

ओवी फार जुनी आहे, बरे का! बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' ग्रंथात लिहिले आहे की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी रचली गेली तीही ओवीतच.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही गप्प होऊ लागली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित आहेत. कागदावर शब्द उरतात. लय आणि चाल मात्र ऐकूनच कळते.

पालकांसाठी : सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या आजी-पणजीला ओवी म्हणायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. साथीला काहीही वाजवू नका. त्या मध्येच थांबल्या तर थांबू द्या. त्यांची चाल दुसऱ्या कोणाकडे असेलच असे नाही.

गृहपाठ
1. जमिनीवर बसून खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवा. दहा फेऱ्यांना किती सेकंद लागले ते लिहा. (20 सेकंद लागले तर मिनिटाला 30 फेऱ्या.)
2. त्याच लयीत वर्गातली ओवी म्हणा. कोणता शब्द लांबवावा लागला?
3. आपला सा पेटीवर कोणत्या पट्टीत सापडला? आईचा कोणत्या?
4. आजीला दूरध्वनीवर विचारा : "जात्यावर तुझ्यासमोर कोण बसायचं?" उत्तर पाच ओळींत लिहून आणा.